बत्तीस भोकं

आमच्या दुकानात पाण्याचं एक घमेलं आहे. काठाला दोन ठिकाणी चेपलेलं, बुडाला गंज चढलेलं. बाबांनी पुण्यात दुकान घातलं तेव्हापासूनचं. ट्यूब बाहेर ओढायची, हवा भरायची, घमेल्यात बुडवून वीत-वीत पुढे सरकवायची. बुडबुडे आले की तिथे बोट ठेवायचं, पुसून कानशीनं घासायचं, सोल्युशन लावायचं, फुंकर मारायची, ठिगळ बसवून हातोडीनं हलकेच ठोकायचं. मराठीत याला पंक्चर ‘काढणं’ म्हणतात, काटा काढतात तसं. मी गेली बारा-तेरा वर्षं माउंटन बाइकची चाकं ट्यूबलेस करून देतो, आणि या कामात पंक्चर कोणी काढत नाही. ते होतं, आतल्या आत मिटतं, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. निदान तसं व्हावं अशी अपेक्षा असते. पुढे जे सांगणार आहे ते बरंचसं अपेक्षेप्रमाणे न वागलेल्या चाकांबद्दल आहे.

मला या फंदात पाडलं ते वेताळ टेकडीनं. तेव्हा मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, दुकान बाबा बघत. रविवारी पहाटे सव्वीस इंची सायकल घेऊन टेकडी गाठायची एवढा एकच छंद. पावसाळाभर टेकडी सरळ वागते. दिवाळीच्या सुमाराला गवत वाळलं की तिचा स्वभाव पालटतो. बाभूळ, हिवर, खैर यांच्या फांद्या तोडून कोणी वाटेवर टाकलेल्या असतात, आणि मोकळ्या मुरमाड जागेत सराटे पसरलेले असतात. सराट्याचं फळ हातात घेऊन बघण्यासारखं आहे. ते जमिनीवर कसंही पडलं तरी एक काटा आभाळाकडे राहतो. एका रविवारी मला तीन पंक्चर झाली. दोन ट्यूब जवळ होत्या, त्या संपल्या. तिसऱ्या वेळी सायकल खांद्यावर मारून खाली उतरलो आणि दुकानात येऊन बसलो. बाबांनी तिन्ही ट्यूब घमेल्यात घातल्या आणि म्हणाले, “बोहनी घरातूनच झाली.”

ट्यूबलेसचं नाव काढल्यावर मात्र ते गप्प बसले नाहीत. स्कूटरचा टायर ट्यूबलेस असतो हे त्यांना माहीत होतंच. त्यांचा आक्षेप वेगळा होता. स्कूटरचं चाक एकसंध असतं, त्यातून हवा जायला वाट नाही. सायकलच्या रिमला बत्तीस किंवा छत्तीस तारा, म्हणजे तेवढी भोकं, शिवाय व्हॉल्व्हचं एक. “काट्याचं भोक नंतर बघू,” ते म्हणाले, “कंपनीनंच पाडून दिलेली ही बत्तीस कशी बुजवणार?” तारांच्या चाकांची बुलेट घेऊन आजही कोणी कोणी दुकानात येतो आणि मित्राची गाडी ट्यूबलेस आहे, माझी का नाही, असं विचारतो. मी त्याला बाबांचंच उत्तर देतो.

मी एवढी वर्षं जे काम करतोय ते खरं तर या एका प्रश्नाचं उत्तर आहे. लोकांना वाटतं ट्यूबलेस म्हणजे काट्याशी लढाई. काट्याचा बंदोबस्त टायरमध्ये सोडलेलं पातळ रबराचं औषध करतं. आमचं भांडण रिमशी असतं.

पहिलं चाक केलं ते २०११ साली, स्वयंपाकघरात, आई गावाला गेलेली असताना. ट्यूबलेससाठी केलेलं रिम माझ्याकडे नव्हतं आणि परवडणारंही नव्हतं. म्हणून जुगाड केला. वीस इंची, म्हणजे लहान पोरांच्या सायकलची ट्यूब घ्यायची, सव्वीस इंची रिमवर ताणून चढवायची, व्हॉल्व्ह भोकातून बाहेर काढायचा. मग ब्लेडनं त्या ट्यूबला बाहेरच्या अंगानं गोल चिरत जायचं आणि दोन्ही पाळ्या रिमच्या कडांवरून खाली सोडायच्या. कढईवर ओला कपडा ताणून बसवावा तसं दिसतं. त्यावर टायर चढवायचा. हवा भरली की टायरची कड त्या रबराला रिमच्या भिंतीवर दाबते आणि सांधा बंद होतो. बाहेर लोंबणारं रबर शेवटी कापून टाकायचं. बत्तीस भोकं एका रबराखाली झाकली गेली. दिसायला गबाळं होतं, पण चाललं. त्या हंगामात मला एकही पंक्चर झालं नाही. माझ्यातला शहाणा माणूस नेमका तिथेच झोपी गेला.

ट्यूब नसण्याचा मोठा फायदा काट्यापेक्षा वेगळाच आहे, हेही त्याच वर्षी कळलं. आत ट्यूब असली की हवा चांगली ठासून भरावी लागते. कमी भरली तर दगडावर आपटताना टायर रिमपर्यंत दबतो, ट्यूब मधल्या मध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. साप चावल्यासारखा डाग दिसतो, म्हणून पोरं त्याला स्नेक बाइटच म्हणतात. ट्यूबच काढली तर चिमटणार काय? मी चाळीस पीएसआय भरायचो, ते पंचविसावर आलो. तीच सायकल, तोच मुरूम, पण टायर जमिनीवरून उडायचा थांबला आणि तिला धरून चालायला लागला. सैल खडीच्या ज्या उतारावर मी पाय टेकवत उतरायचो तिथे ब्रेकवरची बोटं सैल पडली. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी टायर अंगठ्यानं दाबून बघितला आणि म्हणाले, “हवा कमी आहे.” आजही म्हणतात.

हे सगळं तेव्हा काही नवं नव्हतं. मोटारीत ट्यूबलेस टायर येऊन साठेक वर्षं झाली होती. माउंटन बाइकसाठी फ्रान्सच्या माविक कंपनीनं हचिन्सन आणि मिशेलिन यांना बरोबर घेऊन १९९९ साली खास रिम-टायरची पद्धत बाजारात आणली होती. त्या रिमच्या आतल्या बाजूला तारांची भोकंच नव्हती. बाबांच्या प्रश्नाचं सर्वांत चोख उत्तर तेच. पण ते महाग आणि जड पडायचं. पुढे चाललं ते स्वस्तातलं उत्तर. भोकं असू द्यायची, त्यावर चिकटपट्टी मारायची आणि आत पातळ रबराचं औषध सोडायचं.

नोकरी सोडून दुकानात बसलो तेव्हा मला वाटत होतं की मी बाबांच्या धंद्यात काहीतरी आधुनिक घेऊन आलोय. सहा महिन्यांत समजलं की या कामाचा दहावा हिस्सा आधुनिक आहे, बाकी सगळं पुसणं आहे.

रिमच्या खाचेत कारखान्यातलं तेल असतं, जुन्या रिमपट्टीचा गोंद असतो, तारांच्या टोपणांभोवती काळी माती असते. आधी टोपणांची टोकं बघायची, कुठे खरखरीत कोर वर आली असेल तर घासून काढायची. मग स्पिरिटनं पुसायचं. फडकं पांढरं निघेपर्यंत पुसायचं, आणि पांढरं निघालं की नवं फडकं घेऊन पुन्हा. मग पट्टी. ती रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद लागते, म्हणजे एकवीसच्या रिमला तेवीस-चोवीस, त्यामुळे मधली नाळ झाकून ती दोन्ही अंगांच्या ओट्यांवर चढते. अरुंद पट्टी लावली की टायरची कड बसताना तिला खरवडते आणि हवा खालून शिरते. पट्टी ताणून लावायची. मी चाक मांड्यांत धरतो, डाव्या अंगठ्यानं पट्टी नाळेत दाबत जातो आणि उजव्या हातानं रीळ मागे ओढतो, पतंगाच्या मांज्यासारखं. हात सैल पडला तिथे फुगा येतो. फुगा आला की तेवढं उचकटून उपयोग नाही, सगळी पट्टी काढायची. दोन फेरे घ्यायचे आणि सुरुवात-शेवट अशा बेतानं ठेवायचे की व्हॉल्व्हचं भोक दुहेरी पट्टीतून जाईल.

आता हे व्हॉल्व्हचं भोक. पहिल्या वर्षी मी ते ब्लेडनं फुली मारून पाडायचो. आठ-पंधरा दिवसांनी चाकं परत यायची. हवा भरली की सकाळी अर्धी, पण पाण्यात बुडवलं तर टायरभोवती बुडबुडा नाही. बुडबुडे निघायचे ते एखाद्या तारेच्या बुडातून, व्हॉल्व्हपासून पार दूर, आणि मी तिथली पट्टी बदलत बसायचो. एकदा बाबा मागे उभे होते. म्हणाले, “छपराचं पाणी जिथे ठिबकतं तिथे कौल फुटलेलं नसतं.” फुलीचा एक कोपरा पट्टीत पुढे फाटत गेला होता. हवा तिथून रिमच्या पोकळीत शिरत होती आणि मग जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडत होती. तेव्हापासून मी भोक टोचा तापवून पाडायला लागलो. प्लास्टिक वितळतं, कडेला बारीक गोट तयार होतो, तो फाटत नाही. एकदा गॅस संपला होता तर बाबांनी फोटोपुढची उदबत्ती काढून दिली. तिनं भोक टोच्यापेक्षा सुबक पडलं. आता मी टोचा वापरतच नाही. दुकानात येणाऱ्यांना तो वास पूजेचा वाटतो.

आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असतो आणि ट्यूबलेसचे चांगले व्हॉल्व्ह बहुधा बारीक, फ्रेंच घाटाचे येतात. साडेआठ मिलिमीटरच्या भोकात सहाचा व्हॉल्व्ह डुगडुगतो. त्याला रबरी बूच लावून बसवता येतं. नट मात्र बोटांनीच आवळायचा. पक्कड लावून आवळलेला नट रस्त्यात, अंधारात, घामट बोटांनी सुटत नाही आणि मग ट्यूब घालता येत नाही. हे मी दुसऱ्याच्या अनुभवावरून सांगत नाहीये.

पट्टी झाली की मी एक साधी ट्यूब घालून टायर फुगवून रात्रभर ठेवतो. पट्टी दाबून बसते. सकाळी टायरची एकच बाजू सोडवून ट्यूब काढून घ्यायची, दुसरी बाजू बसलेली राहू द्यायची. निम्मं काम तिथेच होतं. मग कडेला साबणाचं पाणी, व्हॉल्व्हच्या आतली सुई काढून ठेवायची आणि कॉम्प्रेसरनं एका दमात हवा. हातपंपानं होत नाही असं नाही, पण हवा हळू आली तर जेवढी शिरते तेवढी निसटते. दमात आली की टायर फुगतो, कडा सरकायला लागतात आणि आवाज येतो, टण्ण. मग दुसरा, टण्ण. कड आपल्या खोबणीत चढल्याचा तो आवाज. इतक्या वर्षांनीही तो ऐकला की मला आत कुठेतरी बरं वाटतं. गिऱ्हाईक बहुतेक वेळा दचकतं.

औषध शेवटी. मेडिकलच्या दुकानातली साठ एमएलची सिरिंज, सुईशिवाय, व्हॉल्व्हला लावायची. सव्वीस इंची टायरला साठ ते ऐंशी एमएल, एकोणतीस इंचीला शंभराच्या वर. नव्या टायरच्या भिंतीतून सुरुवातीला ते घामासारखं बाहेर येतं, पांढरे पांढरे ठिपके. गिऱ्हाइकाला वाटतं टायर फुटका दिला. चाक हलवायचं, फिरवायचं, बादलीवर आडवं ठेवायचं, थोड्या वेळानं उलटं. दुसऱ्या दिवशी हवा टिकली तर चाक झालं.

हे औषध म्हणजे मुख्यतः रबराचा चीक. पातळ राहावा म्हणून त्यात अमोनिया असतो. बाटली उघडली की डोळे चुरचुरतात. काटा घुसला की हवा त्या चिकाला भोकातून बाहेर ढकलते, तो भोकात गोठतो आणि बूच बसतं. बाहेरून येणारं औषध तेव्हा फार महाग पडायचं, म्हणून मी घरी करून बघितलं. मूर्तींचे साचे करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून लेटेक्स आणलं, त्यात पाणी, थोडं गाडीचं कूलंट, आणि भोकात अडकायला काहीतरी बारीक हवं म्हणून गणपतीच्या मखराची चमकी. सोनेरी. घोटून घोटून बाटलीत भरलं. सहा गिऱ्हाइकांना स्वस्तात घातलं. पावसाळ्यात घातलेलं, म्हणून तेव्हा चाललं. एप्रिलमध्ये एकेक परत यायला लागला. टायर उघडला तर आत औषध नाही. लिंबाएवढा एक रबराचा गोळा, सोनेरी चमकणारा, चाकाबरोबर आत टपटप आपटत फिरत होता. त्यातल्या दोन रिमवर पांढुरकी बुरशी आल्यासारखे खड्डे पडले होते. अमोनियानं ॲल्युमिनियम खाल्लं होतं. त्या दोघांना मी नवी रिम पदरचे पैसे घालून दिली. त्या वर्षी दिवाळीला दुकानाच्या भिंतींना रंग द्यायचा होता, तो दिला नाही. ते पैसे त्या रिममध्ये गेले.

भिंतीचा विषय निघालाच आहे तर. आमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर, छताजवळ, सोनेरी ठिपक्यांचा एक फराटा अजून आहे. एका टायरची कड एकाच जागी, हातभर लांबीत, बसत नव्हती. मी तीस भरले, चाळीस भरले. टायरवर जो आकडा छापलेला असतो तिथपर्यंत पोचलो. शेजारी उभा असलेला एक हौशी म्हणाला, “अजून जरा मारा, बसेल.” मी मारली. मग जे झालं ते ऐकूच आलं नाही, कारण त्या क्षणापासून दोन दिवस मला फक्त शिट्टी ऐकू येत होती. टायर रिमवरून उडून माझ्या कानाजवळून गेला. कॅलेंडर, पंखा, हौशी, सगळे पांढरे आणि सोनेरी. डोळ्यांत गेलं नाही हे नशीब. कड बसत नसेल तर हवा सोडायची, साबण लावायचा, अंगठ्यानं तेवढा भाग ओढून पुन्हा बघायचं, हे मला माहीत होतं. माहीत असून मी हवा मारली. तेव्हापासून हवा भरताना मी चष्मा घालतो, चाकावर वाकत नाही, आणि कोणी ‘अजून जरा’ म्हणालं की पाइप खाली ठेवतो.

पण या कामात मला खरं खाली बसवलं ते एका तरुणानं.

तो दर रविवारी टेकडीवर भेटणारा, अंगानं भरलेला, नव्वद किलोच्या पुढचा. सायकल जुनी, रिम साधं, टायर तारेच्या कडेचा, वर्षानुवर्षं वापरून ढिला पडलेला. माझ्या सायकलीचं कौतुक त्यानं माझ्याच तोंडून ऐकलेलं. म्हणाला, मलाही करून द्या. ट्यूबलेससाठी केलेल्या रिमला आतून दोन्ही बाजूंना ओटे असतात आणि ओट्याच्या टोकाला बारीक उंचवटा असतो. टायरची कड त्यावरून पलीकडे गेली की सहजी परत येत नाही. साध्या रिमला ते काही नसतं. हवा आहे तोवर कड जागेवर, हवा गेली की मोकळी. हे मला तेव्हा माहीत होतं का? होतं. पण माझं स्वतःचं जुगाडाचं चाक टिकलं होतं आणि मी पासष्ट किलोचा होतो. मी करून दिलं. तीस पीएसआय भरून दिले आणि कमी करू नका म्हटलं. तोंडीच.

त्यानं कोणाचं तरी ऐकून अठरावर आणले. उतारावर डाव्या वळणाला पुढचं चाक दबलं, कड क्षणभर उघडली, हवा भक्कन गेली आणि टायर रिमवरून निघाला. गळ्याजवळचं हाड मोडलं. प्लेट टाकावी लागली.

मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “काका, चूक माझी, मीच हवा कमी केली.” त्याची आई शेजारी बसून संत्रं सोलत होती. तिनं मला फक्त एवढं विचारलं, “कमी केली तर असं होतं, हे सांगितलं होतंत का याला?” मी हो म्हणू शकलो नाही. कमी करू नका हे सांगितलं होतं. केली तर काय होईल हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं काम दिलं नसतं.

काही दिवस मी ट्यूबलेसचं एकही चाक घेतलं नाही. बाबा रागावले नाहीत. त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. पूर्वी दुकानात तासावर भाड्यानं सायकली असायच्या. घसरणीच्या दिवसांत, पावसाळ्यात, ज्याचे ब्रेक नीट नाहीत अशी सायकल ते कोणी कितीही गयावया केली तरी द्यायचे नाहीत, आतल्या खिळ्याला उलटी टांगून ठेवायचे. शेवटी म्हणाले, “धंदा म्हणजे काय देतो एवढंच नसतं रे, टांगून काय ठेवतो तेही असतं.”

आता दुकानात आलेलं चाक मी आधी उघडून बघतो, मग बोलतो. रिमला ओटे नाहीत, नाही. तारेच्या कडेचा ढिला टायर, नाही. रिमचा काठ चेपलेला, नाही. रोज सात-आठ किलोमीटर डांबरी रस्त्यानं ऑफिसला जाणारा, त्यालाही नाही. महिनोन् महिने सायकल जिन्याखाली ठेवणारा, त्यालाही नाही. त्याच्या टायरमध्ये औषध वाळून पापुद्रा होईल आणि गरज पडेल तेव्हा आत काही नसेल. आपल्या उन्हाळ्यात औषध दोन-तीन महिन्यांत आटतं, ते बघून पुन्हा घालावं लागतं. ट्यूब ही विसरून जाण्याची वस्तू आहे. ट्यूबलेस विसरता येत नाही. हे ऐकून निम्मी गिऱ्हाइकं परत जातात. काही रागानं जातात. एकानं तोंडावर सांगितलं की तुम्हाला येत नसेल तर तसं म्हणा. मी म्हटलं, येत नाही. तो दुसरीकडे गेला आणि करून घेतलं. अजून पडला नाही असं कळतं. चांगलंच आहे.

उरलेल्यांना करून देतो, आणि ट्यूब बरोबर ठेवायला लावतो. यावर सगळे हसतात. ट्यूबलेस करून ट्यूब कशाला? टायरची भिंत दगडानं फाटली तर तिथे औषधाचं काही चालत नाही. लहान चिरेत चिकट दोरी टोचून भागतं, बोट जाईल एवढ्या चिरेला आतून ठिगळ आणि ट्यूबच.

माझी स्वतःची फाटली ती ताम्हिणीच्या रस्त्याला, आडवाटेनं, संध्याकाळी. मी ऐटीत ट्यूब काढली, घातली, हवा भरली, शंभर पावलं गेलो आणि फुस्स. ठिगळ लावलं. पुन्हा फुस्स. अंधार पडायला लागलेला. मग डोक्यात उजेड पडला. दोन वर्षं हा टायर औषधाच्या जिवावर चालला होता. जे काटे घुसले ते सगळे आतच होते, टोकं आतल्या बाजूला, औषधानं भोवती बूच केलेलं. ट्यूब नव्हती तोवर ते कोणाला टोचत नव्हते. आता मी नवी कोरी ट्यूब त्यांच्या तोंडी दिली होती. मोबाइलच्या उजेडात नखांनी उपटायला लागलो, पण बारीक मोडकी टोकं हाताला लागत होती आणि निघत नव्हती. शेळ्या घेऊन जाणारा एक म्हातारा थांबला. काय झालं ते त्यानं विचारलं नाही. टायर हातात घेतला, आतून तळहात फिरवला, कमरेच्या करगोट्याला बांधलेला काटे काढायचा चिमटा सोडला आणि बसला. एकेक काढून तो माझ्या तळहातावर ठेवत गेला. चौदा. मग शेळ्यांना हाक मारून निघाला. मी चहाचे पैसे देऊ केले तर म्हणाला, “काट्याचे पैसे घेत नसतेत.”

आता माझ्या हत्यारांच्या पेटीत एक चिमटा असतो.

परवा एक बाई आल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची चाकं मी ट्यूबलेस करून दिली होती. दर तीन महिन्यांनी न चुकता औषध घालायला यायच्या, वहीत तारीख टिपायच्या. टायर झिजला म्हणून नवा घालायचा होता. जुना उतरवला, आतलं वाळलेलं रबर केळीच्या सालीसारखं सोलून काढलं आणि टायर उलटा केला. आतून सगळी टोकं दिसत होती. त्यांनाही बघायचं होतं, म्हणून मी चिमट्यानं एकेक काढून वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मांडायला लागलो. बाबा आतून आले. त्यांना आता कमी दिसतं, भिंग घेऊन बसले आणि वेगळे करायला लागले. हे बाभळीचे, हे हिवराचे, हे सराट्याचे मोडके, ही एक स्टेपलरची पिन. सत्तावीस.

“पंक्चर किती काढलीस यांची?” त्यांनी मला विचारलं.

“एकही नाही.”

बाबांनी भिंग खाली ठेवलं. बोटांवर काहीतरी मोजलं. मग बाईंकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणाले, “तीस रुपयांनी धरलं तरी आठशे दहा रुपये बुडाले की हो माझे,” आणि नव्या पट्टीला भोक पाडायचं होतं म्हणून उदबत्ती पेटवायला आत गेले.